घोडनदीचे मासे आणि सायक्सची यादी

नद्यांचा इतिहास म्हटला की आपल्याला घाट, देवळं आणि लढाया आठवतात. पण माशांचाही लेखी इतिहास असतो. मी निरगुडसरचा. आमचा मुलूख घोड आणि मीना या नद्यांचा. हीच घोड पुढे शिरूरला जाते, म्हणून शिरूरला जुनी माणसं ‘घोडनदी’च म्हणतात.

पेशवाई बुडाल्यानंतर, १८२४ साली, मुंबई सरकारनं विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करण्यासाठी नेमलं. त्यानं पीकपाण्याबरोबर पक्षी आणि मासेही टिपले. माशांवरचं त्याचं लेखन १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात चाळीसहून अधिक जाती होत्या. शास्त्रीय नावं देताना त्यानं बऱ्याचदा इथलेच शब्द ठेवले. शिंगटी, शिंगाळा, घोगरा, खुद्री, नुकटा हे शब्द त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत गेले. शिरूरजवळ घोडनदीत मिळालेल्या माशाला त्यानं ‘मुसुल्ला’ म्हटलं. ही नावं सांगणारे नदीकाठचेच लोक असणार. त्यांची स्वतःची नावं मात्र शास्त्रात आली नाहीत.

ही यादी आज नदीची तब्येत तपासायला उपयोगी पडते. पूर्वी काय होतं हे माहीत असेल, तरच काय गेलं ते कळतं. पुण्याच्या माशांची यादी फ्रेझर यांनी १९४२ साली केली. मुळा-मुठेचे मासे वाघ आणि घाटे यांनी २००३ साली पुन्हा नोंदवले. अशा याद्या शेजारी ठेवल्या की नदीतला बदल दिसू लागतो.

पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांना आपण चढणीचे मासे म्हणतो. त्यांची वाट आता मीनेवर वडज धरणाशी आणि घोडेवर डिंभे धरणाशी संपते. खाली जागोजागी बंधारे आहेत. या पाण्यानं आमच्याकडे बागायत आली, घरं उभी राहिली, हे मी विसरत नाही. पण वाहत्या नदीची डबकी झाली, वाळू उपसली गेली, सांडपाणी मिसळलं. त्यातच १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे आपली ‘चिलापी’. ती तोंडात अंडी सांभाळते, वर्षातून अनेकदा वाढते आणि साचलेल्या पाण्यातही तगते. नाकाडावर गाठ असलेला नुकटा मात्र आज जागतिक संकटग्रस्त यादीत आहे.

खुद्रीची, म्हणजे महाशीरची, पिल्लं लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात वाढवली गेली. तीच कावेरीत सोडल्यावर तिथल्या मूळ महाशीरवर संकट आलं. मासा हौदात वाढवता येतो, पण कोणत्या नदीत कोणता मासा, हे नदीनंच ठरवलेलं असतं.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार गावानं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. त्या वहीत माशांचं पान कोरं राहू नये. ज्यांनी आयुष्यभर जाळं टाकलं, त्यांना विचारून नावं लिहून घ्यावीत. कोणता मासा कुठल्या डोहात मिळे आणि कधीपासून दिसेनासा झाला, हेही लिहावं. आणि या वेळी सांगणाऱ्यांची नावंसुद्धा लिहावीत.