पनवेलचा लोहमार्ग आणि सर्वांचा नकाशा

हिंदुस्थानांतील लोहमार्गांचा एखादा १८७० च्या सुमाराचा नकाशा पुढें ठेवला, तर रेल्वेची रेघ पनवेलला वगळून पूर्वेकडून निघून गेलेली दिसते. ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. आगगाडी येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबतानें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० मध्यें भोर घाटांतून गाड्यांचा रस्ता झाला, तेव्हां तर पनवेल म्हणजे देशावर जाण्याचें दारच होऊन बसलें. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली आणि १८६३ मध्यें रुळांनीं भोर घाट ओलांडला. पण ते गेले कल्याण-कर्जतच्या मार्गानें. दार जागच्या जागीं राहिलें, वाट मात्र दुसरीकडून गेली.

त्यानंतर शंभर वर्षें पनवेलकरास आगगाडी गांठावयाची तर गांव सोडून दूर जावें लागे. १९६० नंतरच्या दशकांत दिव्याहून पनवेल व पुढें आपट्यापर्यंत रूळ पडले. १९८६ मध्यें ते रोह्यास पोंचले. मग मात्र पनवेलनें झालेला उशीर व्याजासह भरून काढला. १९९८ हें एकच वर्ष घ्या. त्या वर्षीं रोह्यापासून मंगळुरापर्यंतची कोंकण रेल्वे अखंड सुरू झाली आणि मुंबईची हार्बर लाइनही पनवेलला येऊन मिळाली. पुढें कर्जतचा फांटा जोडला गेला. २०२३ च्या सप्टेंबरअखेर मालवाहतुकीच्या स्वतंत्र मार्गासाठीं पनवेल स्थानकांत ३८ तासांचा ब्लॉक घेऊन रुळांची मांडणी बदलण्यांत आली. आतां सांगा, असल्या गांवाचा छापील नकाशा किती दिवस खरा राहील?

आणि छापील नकाशा तरी सामान्य माणसास कोठें मिळत होता! सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें १७६७ चें. त्याच्या कामाची थोरवी वादातीत आहे. परंतु सरहद्दीच्या आणि किनाऱ्याच्या पट्ट्यांतील तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधाखालीं होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्र सरकारनें नवीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर केलीं, तेव्हां नकाशे काढण्यासाठीं आधीं परवानगी मागण्याची अट बरीचशी दूर झाली. इंग्लंडांतही अडचण होती, पण निराळी. तेथें सरकारी नकाशे उत्तम, परंतु त्यांतील माहिती वापरावयाची तर पैसे मोजावे लागत. त्या अडचणींतून २००४ मध्यें स्टीव्ह कोस्ट यांनीं ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ज्याला आपली गल्ली ठाऊक आहे त्यानें ती काढावी, चुकली तर दुसऱ्यानें सुधारावी, आणि झालेलें काम सर्वांचें असावें, असा हा व्यवहार. आपल्याकडील गांवविहिरीसारखाच म्हणावयाचा.

या सामाईक भांडारांतील लोहमार्गांची माहिती वेगळी काढून दाखविणारा ओपनरेल्वेमॅप २०११ मध्यें सुरू झाला. त्याची पहिली रीत रास्टर, म्हणजे चित्रांची होती. पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकडा रंगवून ठेवावयाचा, आणि वाचकानें मागितला कीं तो धाडावयाचा. पण नकाशा एक पायरी जवळ आणला कीं एका तुकड्याचे चार होतात. अठराव्या पायरीवर सबंध पृथ्वीचे तुकडे ६८७१ कोटींवर जातात. शिवाय रुळांची रुंदी, वेगमर्यादा, विजेचा दाब, यांपैकीं प्रत्येकाचें चित्र निराळें. मूळ नोंदींत एक आंकडा बदलला, तरी तिच्यावरून काढलेलीं चित्रें पुन्हा रंगवावीं लागत.

अलीकडे हा नकाशा व्हेक्टर पद्धतीनें नव्यानें उभारला गेला, त्याचें मर्म एवढेंच कीं आतां चित्राऐवजीं माहिती धाडली जाते. हा बिंदु, ही रेघ, हिचे हे गुण. रंगविण्याचें काम वाचकाच्या हातांतील यंत्र करतें. चित्राला प्रश्न विचारतां येत नाहीं, या रेघेला येतो. रुळावर बोट ठेवावें, तर त्याच्या नोंदींत असेल तें तो सांगतो. पनवेलचा रूळ सांगेल, माझी रुंदी १६७६ मिलिमीटर. पूर्वेकडे नेरळहून माथेरान चढणारा सांगेल, माझी ६१०. हार्बर लाइनवर २०१६ च्या एप्रिलपर्यंत १५०० व्होल्टची एकदिश वीज होती, ती जाऊन २५००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. ज्या मार्गावर असे पालट होतात, त्याला प्रश्न विचारतां येणारा नकाशाच हवा.

मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती नांवांची गोष्ट. दिवा-पनवेल मार्गावर निळजे, तळोजे, कळंबोली अशीं स्थानकें आहेत. तिन्हींत ‘ळ’, आणि रोमन लिपींत ‘ळ’ नाहीं! चित्राच्या नकाशावर नांव एकदां रोमन लिपींत रंगविलें, कीं परका वाचक ‘निलजे’, ‘कलंबोली’ असेंच वाचणार. नव्या रीतींत नांव रेघेपासून वेगळें राहतें, म्हणून तें मराठींत दाखवितां येतें. मात्र मराठी नांव कोणीतरी आधीं नोंदविलेलें पाहिजे. तें काम युरोपांतल्या स्वयंसेवकाच्या हातून होण्यासारखें नाहीं. त्याला पनवेल आणि रत्नागिरीजवळची ती ६४ मीटर उंचीच्या पुलाची पानवल नदी यांतला भेद तरी कळेल कीं नाहीं, याची शंकाच आहे.

हें सारें फुकट आहे म्हणून तें टिकेलच, असें नव्हे. व्हेक्टर नकाशे पडद्यावर रंगविणारी एक प्रसिद्ध आज्ञावली मॅपबॉक्स कंपनीनें २०२० च्या डिसेंबरांत मुक्त परवान्याखालीं देणें थांबविलें. तेव्हां आधींची मुक्त आवृत्ति उचलून लोकांनीं मॅपलिब्रे या नांवानें काम पुढें चालविलें. परवाना आधींच मुक्त होता म्हणून तें शक्य झालें.

मुंबईच्या उपनगरी वाहतुकीसाठीं पनवेल-कर्जत दरम्यान जो मार्ग हातीं घेतला गेला, त्यांतला वावर्ले येथील बोगदा २६२५ मीटर लांबीचा. म्हणजे १८६३ मध्यें ज्या कर्जतकडून आगगाडी पनवेलला टाळून गेली, त्याच कर्जतशीं गांव आतां आणखी एका वाटेनें जोडलें जावयाचें. असा मार्ग बांधला जात असतां सामाईक नकाशांत त्याच्यापुढें ‘बांधकाम चालू’ अशी नोंद असते. गाडी सुरू झाली कीं ती नोंद आपोआप पुसली जात नाहीं. त्या भागांतल्या कोणीतरी बसून ती बदलावी लागते.