पायाच्या ऑपरेशनचा दर कोणत्या गावाचा?

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, चप्पल घातली की टोचतं, दिवसभर उभं राहिलं की रात्री झोप नाही. डॉक्टर सांगतात, ऑपरेशन करून घ्या, पण घाई नाही, सवडीने ठरवा. मग घरात एकच प्रश्न उरतो : किती लागतील? पुण्यात विचारलं तर एक आकडा, सोलापुरात दुसरा, तालुक्याच्या गावी 'बघू, दाखल तर व्हा.'

हे असं का आहे, याला इतिहास आहे. आणि तो बहुतेक या 'घाई नाही' भोवतीच फिरतो.

आपल्याकडे खासगी दवाखान्यांचा कायदा आला 1949 साली, मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा. नावातच नोंदणी. दवाखाना नोंदवा, नर्स ठेवा, स्वच्छता राखा. बिल किती लावायचं याच्याशी तेव्हा सरकारला देणंघेणं नव्हतं. पायाची वाकडी हाडं सरळ करणं हे काम त्या काळी सरकारी रुग्णालयं, मिशनची इस्पितळं आणि कुष्ठरोगाच्या संस्था यांच्याकडे होतं. तिथे दर हा शब्दच फारसा नव्हता.

कुष्ठरोगाची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पायाच्या शस्त्रक्रियेचा खरा खर्च कोणाला कळला असेल तर तो याच कामातल्या लोकांना. नस मेली की पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात, जखमा होतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी या रुग्णांच्या हातापायांवर काम सुरू केलं. घोट्याच्या आतल्या बाजूचा धडधाकट स्नायूबंध वळवून पुढे आणायचा, म्हणजे पाऊल पुन्हा उचललं जातं. ऑपरेशन एका दिवसाचं. पण नंतर कित्येक आठवडे प्लास्टर, आणि मग नव्याने चालायला शिकायचं. मजुरी करणारा माणूस एवढे दिवस घरी बसला तर चूल कशी पेटणार? म्हणून फुकट ऑपरेशनलाही लोक येत नव्हते. शेवटी राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अशा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालाच पैसे द्यायची सोय झाली. आठ हजार रुपये, पुढे ते बारा हजार झाले. ऑपरेशन फुकट, वर रुग्णाला पैसे! बुडालेली मजुरी हाही ऑपरेशनचाच खर्च आहे, हे सरकारी कागदावर इतकं स्वच्छ क्वचितच मान्य झालंय.

बाकीच्या पायांच्या नशिबी हे आलं नाही. 1985 मध्ये सार्वजनिक विश्वस्त कायद्यात 41 एए हे कलम घातलं गेलं. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या. त्याची रीतसर योजना लागू व्हायला 2006 चा सप्टेंबर उजाडला, तेही मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातलं म्हणून. एकवीस वर्षं! शिवाय मोठी धर्मादाय रुग्णालयं आहेत ती मुख्यतः मुंबई-पुण्यात. हिंगोलीच्या माणसाला त्या 10 टक्क्यांपर्यंत पोचायलाच खर्च.

1997 ची जीवनदायी योजना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा जिवावरच्या आजारांसाठी होती. 2012 च्या राजीव गांधी योजनेत (आजची महात्मा फुले) यादी खूप वाढली, सुरुवात आठ जिल्ह्यांतून झाली. हाडांच्या शस्त्रक्रियाही आल्या, पण तिथेही भर अपघातात मोडलेल्या हाडांवर. अंगठा वाकडा असणाऱ्याचा जीव जात नाही ना, मग थांबा. 2017 साली केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. चांगलंच झालं. पण ती गुडघ्यापुरती. पावलात बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू त्या आदेशात नव्हते.

आता कोविडचा काळ आठवा. मे 2020 मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांचे दर बांधले : साधा वॉर्ड दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. वर्षभराने, जून 2021 मध्ये, त्यात गावांची वर्गवारी आली. मुंबई, पुणे, नागपूर 'अ' मध्ये. नाशिक, सोलापूर, नांदेड वगैरे 'ब'. उरलेला महाराष्ट्र 'क'. वॉर्डचा दर अनुक्रमे 4,000, 3,000 आणि 2,400. गावागणिक उपचाराचा खर्च बदलतो, हे राज्याने सगळ्या खासगी रुग्णालयांसाठी उघड आकड्यांत मांडलं. 'क' वर्ग 'अ' पेक्षा 40 टक्के स्वस्त.

गंमत पुढे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेने 2025 मध्ये दर सुधारले. तिथे दुसऱ्या श्रेणीची शहरं 10 टक्के आणि तिसऱ्या श्रेणीची 20 टक्के स्वस्त. म्हणजे लहान गाव मोठ्या शहरापेक्षा नेमकं किती स्वस्त, यावर दोन सरकारांचं उत्तर दुप्पट वेगळं! आणि पावलाच्या ऑपरेशनला यातला कुठलाच आकडा सरळ लागू होत नाही. स्क्रूच्या पाकिटावरची छापील किंमत जिल्हा बघून बदलत नाही. स्वस्त होते ती खाट, खोली, नर्सिंग. पावलाचा खास सर्जन शहरातून बोलवावा लागला तर तीही बचत गेली.

दर खरोखर खाली आला तो एका वेगळ्याच वाटेने. जन्मतः आत वळलेली पावलं पूर्वी मोठी चिरफाड करून सरळ करत. अमेरिकेत आयोवाच्या डॉ. पोन्सेटी यांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू वळवायची पद्धत बसवली. शेवटी बहुतेक बाळांना टाचेच्या शिरेवर एक छोटासा छेद, आणि मग काही वर्षं रात्री झोपताना पट्टीचे बूट. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून, आणि त्याच्या यादीत हा आजार आहे. उपचार मोफत. उरतो खर्च दर आठवड्याच्या एसटीचा, आणि आईच्या बुडालेल्या रोजाचा. (मार्च 2023 पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय. ही आरोग्य योजना नाही, पण या आयांसाठी आहे.)

1949 च्या त्या कायद्याच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये बदल झाला आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना सक्तीचं झालं. दर किती असावा हे सरकार अजूनही सांगत नाही, फक्त तो दाखवा म्हणतं. तेव्हा तारीख घ्यायच्या आधी त्या फलकासमोर उभे राहा. खाट, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर यांचे आकडे लिहून घ्या, स्क्रू-पट्टीची किंमत वेगळी विचारा, आणि त्याच कागदावर पाय टेकता येणार नाही ते आठवडे गुणिले तुमची मजुरी हेही मांडा. तो आकडा कुठल्याच फलकावर सापडणार नाही.