सॉफ्टवेअर फुकट, मग दवाखान्याला खर्च कशाचा?

भायखळ्याच्या सर जे. जे. रुग्णालयात जुलै २०२२ मध्ये डॉक्टरांच्या हाती पुन्हा कागद-पेन आलं. राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस ही संगणक प्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली होती. रुग्णांच्या जुन्या नोंदी बघणं अवघड झालं.

जे.जे.चं हे झालं, तर नागपाड्यात एका खोलीत चालणाऱ्या दवाखान्याने सॉफ्टवेअर घेताना काय पाहावं? किमतीआधी एक प्रश्न विचारायला हवा: कंपनी गेली, तर नोंदी कोणाकडे राहतील?

ओपन सोर्स म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो, ते ओपन सोर्स. आरोग्य नोंदींसाठी २००४ मध्ये सुरू झालेलं 'ओपनएमआरएस' बऱ्याच देशांत वापरलं जातं. त्याच्यावर उभं राहिलेलं 'बाह्मणी' छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या गरजेतून आलं. छोट्या दवाखान्यांसाठी त्याची 'बाह्मणी लाइट' ही आटोपशीर आवृत्ती आहे.

इथे लायसन्सचे पैसे लागत नाहीत. पण सॉफ्टवेअर बसवणारा, बिघडल्यावर धावून येणारा माणूस लागतो आणि त्याला पैसे द्यावेच लागतात. फरक इतकाच की तो माणूस बदलता येतो, सॉफ्टवेअर तेच राहतं. अर्थात, डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर आणि पासवर्डही त्याच्याकडेच असेल, तर ओपन सोर्स असूनही दवाखाना अडकतोच.

गाडी कुठे अडते?

बहुतेकदा संध्याकाळच्या गर्दीत. बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले असताना डॉक्टर टाइप करत बसणार नाहीत. म्हणून नाव, वय, वजन, बीपी कंपाउंडरने किंवा रिसेप्शनवर भरायचं आणि डॉक्टरांसाठी ताप, खोकला, मधुमेह अशा नेहमीच्या तक्रारींचे तयार फॉर्म ठेवायचे. कपाटातले सगळे जुने केसपेपर टाइप करण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. पेशंट पुन्हा आला की त्याची ॲलर्जी, चालू औषधं आणि झालेली ऑपरेशन्स तेवढी नोंदवली तरी पुष्कळ.

नोंदी ठेवणं ऐच्छिक नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाच्या संमतीने त्या 'आभा' क्रमांकाशी जोडता येतात. खासगी छोट्या दवाखान्यांना यात आणण्यासाठीच्या 'मायक्रोसाइट' योजनेचे प्रयोग आधी मुंबई, अहमदाबाद आणि सुरतमध्ये झाले. मात्र ओपन सोर्स घेतलं की ही जोडणी आपोआप होत नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते.

पैसे देण्याआधी एक चाचणी करून पाहावी. दहा खोट्या पेशंटची माहिती भरा, तिचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडायला सांगा. तो उघडला नाही, तर करारावर सही करू नका.