नरोरा अणुवीज केंद्रातील आग : कारणे, परिणाम आणि चुटका प्रकल्प

जबलपूर : मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, नर्मदेवरील बरगी जलाशयाच्या काठी चुटका अणुवीज प्रकल्प नियोजित आहे. प्रत्येकी ७०० मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजुरी दिली. बरगी धरण जबलपूरच्या वरच्या बाजूस असून शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा नर्मदेतून येतो. त्यामुळे दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीपासून नव्या उपनगरांपर्यंत सर्वांच्याच दृष्टीने प्रकल्पाची सुरक्षितता महत्त्वाची ठरते. चुटका येथील भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. याच प्रकारच्या भट्टीत ३१ मार्च १९९३ रोजी देशातील सर्वांत गंभीर अणुवीज दुर्घटनांपैकी एक घडली होती.

दुर्घटनेची कारणे

उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातील नरोरा येथे, गंगेच्या काठी २२० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आहेत. त्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या एककातील टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेल्याने यंत्रात तीव्र कंपने निर्माण झाली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि त्याने पेट घेतला. पाठोपाठ वंगणाचे तेलही पेटले.

आग केबलींपर्यंत पोहोचली. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबली पुरेशा विलग नसल्याने एकाच आगीत दोन्ही निकामी झाल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. धुरामुळे कर्मचाऱ्यांना नियंत्रण कक्षही सोडावा लागला.

भट्टी कशी वाचली

कर्मचाऱ्यांनी भट्टी मिनिटभरातच बंद केली होती. मात्र भट्टी बंद झाल्यावरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांमुळे उष्णता निर्माण होतच राहते. ती बाहेर काढण्यासाठी आग विझविण्याच्या डिझेल पंपांनी बाष्पजनकांत पाणी सोडण्यात आले. साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काही कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात वर चढून बोरॉनयुक्त द्रावणाच्या झडपा हातांनी उघडल्या. इंधन वितळले नाही, जीवितहानी झाली नाही आणि किरणोत्सर्गही बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय सातस्तरीय मापनपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या स्तरावर झाली.

त्यानंतरचे बदल

नरोरानंतर अन्य केंद्रांतील टर्बाइनची पाती आणि केबलींच्या विलगीकरणाकडे लक्ष देण्यात आले. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे बुडाली. थंड ठेवण्याची व्यवस्था कोलमडून तीन भट्ट्यांतील इंधन वितळले आणि दीड लाखाहून अधिक नागरिकांना घरे सोडावी लागली. ही दुर्घटना सर्वोच्च, म्हणजे सातव्या स्तराची ठरली. त्यानंतर भारतातील केंद्रांत बाहेरून पाणी सोडण्यासाठी जोडण्यांची तरतूद करण्यात आली.

चुटकासमोरील प्रश्न

दोन्ही घटनांत सुरुवातीचे कारण निराळे होते. धोका मात्र एकच होता, तो म्हणजे वीज गेल्यावर इंधन थंड ठेवण्याचा. चुटकाच्या सुरक्षा आढाव्यातही हाच मुद्दा निर्णायक आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूर परिसरात झालेल्या विध्वंसक भूकंपामुळे त्याला अधिक गांभीर्य येते.

प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावांत बरगी धरणामुळे एकदा विस्थापित झालेली आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. दुसऱ्यांदा घर सोडण्यास त्यांचा विरोध आहे. त्यामुळे तांत्रिक सुरक्षिततेइतकाच पुनर्वसनाचा प्रश्नही या प्रकल्पात कळीचा ठरला आहे.