वनस्पतींचे विषशमन आणि आमचे इंदूर

भंवरकुआं म्हटले की आज शिकवणीचे वर्ग, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि रस्ता ओलांडताना उडणारी तारांबळ एवढेच डोळ्यांपुढे येते. 2021 मध्ये या चौकास तंट्या मामांचे नाव दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव रुळलेले आहे. येथून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर लागतो. याच रस्त्यावर 1987 मध्ये स्थापन झालेली सोयाबीन संशोधन संस्थाही आहे. प्रतिकूल हवापाण्यात वनस्पती आपल्या अंगातील विष कसे शमवितात, या शोधाच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण या रस्त्यावर लिहिले गेले आहे.

त्याचा पूर्वरंग होळकरशाहीतला. 1924 साली दरबाराने दिलेल्या जमिनीवर, जेथे पुढे कृषि महाविद्यालय झाले तेथे, अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती-संशोधन संस्था उभारली. 'इंदूर पद्धती'च्या कंपोस्ट खतामुळे आपल्या शहराचे नाव जगभर झाले. परंतु 1931 च्या त्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड या रसायनज्ञांचेही नाव आहे, याची आठवण आपल्याच घरांतून क्वचित निघते. हॉवर्ड यांनी पूर्वी पुसा येथे निळीच्या पिकाची पावसाळ्यातील मर अभ्यासली होती. तिचे कारण त्यांनी पानांत न शोधता मुळांत शोधले. पाणी साचलेल्या जमिनीत मुळे गुदमरतात, हा त्यांचा निष्कर्ष. माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात पड का ठेवीत, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

हॉवर्ड यांनी ताण ओळखला. त्या ताणाखाली पेशीच्या आत काय घडते ते पाहण्याची साधने मात्र त्या काळी नव्हती. आज आपणांस ठाऊक आहे की हवा न मिळालेल्या मुळांत ॲसिटाल्डिहाइड हे घातक द्रव्य तयार होते. मूळ त्याचे तातडीने अल्कोहोल करते आणि ते भोवतालच्या पाण्यात झिरपू देते. दुष्काळात वा प्रखर उन्हात संकट वेगळे असते. पानाला पेलवत नाही इतका प्रकाश पडला की प्राणवायूचीच उग्र रूपे निर्माण होऊन पेशी जाळू लागतात. ती आवरणारे एक विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये बैलाच्या रक्तपेशींतून ओळखले. पुढे 1976 मध्ये फॉयर आणि हॅलिवेल यांनी हरितलवकातील 'क' जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन यांचे कार्य मांडले. ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त द्रव्य हॉपकिन्स यांनी 1921 मध्येच वर्णिले होते. आपल्या सोयाबीनजवळ त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, होमोग्लुटाथायोन. काही तणनाशकांना त्याच्याशी जखडून सोयाबीन निष्प्रभ करते. तणास ते तितक्या त्वरेने साधत नाही, म्हणून तण मरते आणि पीक तगते.

तक्षशिला परिसरातील प्रा. के. एन. गुरुप्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सोयाबीनवर केलेले प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. उघड्यावरील रोपांवर विशिष्ट पारदर्शक पडदे धरून त्यांनी सूर्यप्रकाशातील केवळ अतिनील किरण अडविले. रोपे अधिक जोमाने वाढली. याचा अर्थ असा की आपल्या नित्याच्या उन्हातही झाड काही ना काही नुकसान सोशीत असते, आणि त्यापासून बचाव करण्यात त्याचे बळ खर्ची पडते. शासकीय अंदाजपत्रके पाहण्यात आमचे आयुष्य गेले. संरक्षणाची तरतूद वाढली की विकासाची घटते, हा हिशेब आम्हांस लगेच उमगला.

जडधातूंचे प्रकरण याहून बिकट. 1985 मध्ये म्युनिक येथे ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी वनस्पतींतील फायटोकेलेटिन द्रव्ये शोधली. ग्लुटाथायोनपासूनच बनलेली ही द्रव्ये कॅडमियमला वेढून टाकतात, आणि ते बांधलेले ओझे पेशीतील रिक्तिकेत कोंडले जाते. वनस्पतीस मूत्रपिंड नाही. विष बाहेर टाकण्याची सोय तिला फारशी नाही. 'अमुक झाड विष खाते' असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु कॅडमियम हे मूलद्रव्य. ते कोणत्याही झाडाच्या पोटात नष्ट होत नाही. वनस्पती करते ते विषशमन स्वतःपुरते.

येथे वाड यांचे स्मरण पुन्हा करावे लागते. 1934 मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील घाण इंदूर पद्धतीने शेतीस उपयोगी कशी आणावी, यावर पुस्तिका लिहिली. त्यांच्यासमोरचा कचरा मुख्यतः कुजणारा होता. त्यानंतरच्या काळात कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या खान नदीवर भाजीपाला पिकत आला, आणि धातू कंपोस्टात कुजत नाहीत. 2021 मध्ये इंदूरला 'वॉटर प्लस' शहराचा मान मिळाला. नाल्यांत पडणारे सांडपाणी अडविण्याचे ते काम खरोखरच मोठे आहे. तथापि पाणी सुधारले तरी पूर्वी मातीत उतरलेले धातू दीर्घकाळ तेथेच राहतात. दाण्यांपेक्षा पालकासारख्या भाज्यांच्या पानांत कॅडमियम अधिक साठते. भाजी धुतल्याने पानावरची माती जाते, रिक्तिकेत कोंडलेले जात नाही. नदीकाठच्या ज्या मळ्यांत आजही पालेभाजी निघते, तेथील पाण्याबरोबर मातीचीही तपासणी ठरावीक काळाने व्हावी, आणि तिचे आकडे ग्राहकास पाहावयास मिळावेत, अशी आमची मागणी आहे.