कोरियातील युद्ध आणि दोन शब्द

२५ जून १९५० रोजी कोरियात रणकंदन सुरू झाले, तरी त्यास ‘युद्ध’ म्हणावयास अमेरिकी शासन राजी नव्हते. २९ जून रोजी एका वार्ताहराने सुचविलेली ‘पोलिस-कारवाई’ ही संज्ञा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मान्य केली. (हैदराबादच्या १९४८ मधील प्रकरणामुळे ती आपणांस चांगलीच परिचित आहे.) अशी संज्ञा संघर्षास मर्यादा घालते, निदान तसा भास तरी निर्माण करते.

तो भास फार काळ टिकला नाही. भारताचे पेकिंगमधील राजदूत पणिक्कर यांच्यामार्फत चीनने दिलेला इशारा वॉशिंग्टनने मनावर घेतला नाही, आणि चिनी सैन्य रणात उतरले. ३० नोव्हेंबरला अणुबाँबच्या वापराचा ‘विचार’ चालू आहे काय, या प्रश्नास तो नेहमीच चालू असतो, असे उत्तर ट्रूमन यांनी दिले. व्याकरणदृष्ट्या हे रीतिवर्तमानाचे विधान होय. त्यात नवा निर्णय कोणताच नव्हता. लोकांनी मात्र ते भविष्यकाळी वाचले. त्याच दिवशी काढलेला खुलासाही निष्प्रभ ठरला. तिसऱ्या महायुद्धाच्या धास्तीने ब्रिटिश लोकसभा हादरली व पंतप्रधान ॲटली तातडीने वॉशिंग्टनला गेले. ८ डिसेंबरच्या संयुक्त पत्रकात बाँब वापरण्याची वेळ न येवो, अशी ‘आशा’ तेवढी नमूद झाली, वचन नव्हे.