नाणं उडवून ठरलेलं नाव

उमरग्यात मानसशास्त्र शिकवायचो तेव्हा पेपरात एखादा पोरगा हटकून लिहायचा, ‘काहनमन-ट्वर्स्की या शास्त्रज्ञाने’. मी गुण कापत नसे. त्याचं फारसं चुकत नव्हतं.

हे दोघं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले. १९६९च्या सुमारास डॅनिएल काहनमनने एमॉस ट्वर्स्कीला आपल्या वर्गात बोलायला बोलावलं. माणूस शक्यतांचा अंदाज बऱ्यापैकी नीट बांधतो, असं पाहुणा सांगू लागला आणि यजमानाने ते खोडून काढलं. दोस्ती तिथून जमली. काहनमन महायुद्धात फ्रान्समध्ये लपत वाढलेला, स्वतःवरही शंका घेणारा. ट्वर्स्की छत्रीधारी सैनिक, बोलण्यात ठाम. एक सकाळचा, दुसरा रात्री जागणारा. म्हणून दुपारी एकत्र जेवायचं आणि मग संध्याकाळपर्यंत हसत, वाद घालत काम. शब्द न् शब्द दोघांना पटल्याशिवाय लेख पुढे सरकत नसे. १९७१च्या पहिल्या लेखावर आधी नाव कुणाचं, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं.

१९७३मध्ये त्यांनी दाखवलं, की उदाहरण जितकं पटकन आठवतं, तितकी ती गोष्ट घडण्याची शक्यता माणसाला जास्त वाटते. हे शिकवायला मला परदेशात जावं लागत नसे. १९९२च्या अखेरीस किल्लारी भागात भूकंपाचे धक्के बसत होते, तरी लोक दगडमातीच्या माळवदाखालीच झोपत. धक्का बसतो आणि काही होत नाही, एवढंच आठवणीत होतं. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती बोळवून झोपलेलं उमरग्याच्याच जिल्ह्यातलं सास्तूर पहाटे चारच्या आत जमीनदोस्त झालं. मग ज्यांची घरं उभी होती, तेही बाहेर झोपू लागले. भिंती आदल्या दिवशीही तेवढ्याच कच्च्या होत्या.

१९७८मध्ये दोघं उत्तर अमेरिकेत गेले. ट्वर्स्की स्टॅनफर्डला, काहनमन व्हँकुव्हरला. पुढच्याच वर्षी तोटा नफ्याहून जास्त डाचतो हे सांगणारा त्यांचा सर्वात गाजलेला लेख आला. पण बोलबाला ट्वर्स्कीचा. १९८४ची मॅकआर्थर फेलोशिपही त्याला एकट्यालाच. बटईचं धान्य खळ्यावर मापून वाटता येतं. यांच्या एका वाक्यातला कोणता शब्द कुणाचा, हे कोण सांगणार? तरी जगाने वाटणी केलीच, आणि ती काहनमनला खुपली. १९९६मध्ये त्याने संबंध तोडल्यासारखेच केले. काही दिवसांतच ट्वर्स्कीने कळवलं, कॅन्सर आहे, थोडेच महिने उरलेत. मग २ जूनला तो जाईपर्यंत दोघं जवळजवळ रोज बोलत.

नोबेल मरणोत्तर देत नाहीत. २००२मध्ये ते काहनमनला मिळालं. नोबेलसाठी लिहिलेल्या आत्मवृत्ताला त्याने ट्वर्स्कीवरचं आपलं श्रद्धांजलीचं भाषण जोडून दिलं.